संचात पखालजी नाही

गेल्या दिवाळीत पुतण्यासाठी प्लास्टिकच्या मावळ्यांचा संच घेऊन मी गावी गेलो. गाव देऊळघाट, बुलडाण्याजवळचं, घाटावरचं. आमच्याकडे दिवाळीत किल्ला करायची पद्धत पुण्या-साताऱ्याइतकी घट्ट नाही. मी स्वतः पहिला किल्ला जवळून पाहिला तो नोकरीसाठी पुण्यात आल्यावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. आठ-दहा पोरं विटा, पोती आणि चिखल घेऊन चार दिवस राबत होती, आणि अहळीव पेरून उगवलेल्या हिरवळीवर शेवटच्या दिवशी मावळे उभे राहिले. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि मला त्या पोरांचा सरळसरळ हेवा वाटला. पुतण्याला आपण हे द्यायचं, असं तेव्हाच ठरलं.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. म्हणजे साचे कसे बनतात हे शिकलो आणि पोट मात्र दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढून भरतो. त्यामुळे संच घेण्याआधी मी चार-पाच संच मागवून त्यांची तपासणी केली, हे माझ्या ऑफिसातल्या कुणालाच नवल वाटलं नाही. एक शीट केली. रकाने चार : माप, साचा, पवित्रा, काळ. प्रत्येकाला दहापैकी गुण.

मापापासून सुरुवात करू, कारण तिथे वाद नसतो. खेळण्यातल्या सैनिकांचं जगभरचं एक जुनं माप आहे, ५४ मिलिमीटर. इंग्लंडमधल्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली. साच्यात शिसं ओतायचं, कडेला थर धरला की आतलं पातळ शिसं उलटं करून बाहेर काढायचं. धातू कमी लागला, सैनिक स्वस्त झाले आणि हे माप रूढ झालं. साधारण पावणेसहा फुटांचा माणूस ५४ मिलिमीटरमध्ये बसवला की प्रमाण १:३२ च्या आसपास येतं. पुढे प्लास्टिक आलं, आणि १९५९ पासून एअरफिक्स कंपनीने आणखी लहान, साधारण २३-२४ मिलिमीटरचे सैनिक डबीत भरून विकले. एका डबीत चाळीस-पन्नास शिपाई, खिशात मावणारी पलटण.

आपल्या दिवाळीच्या किल्ल्याला असं काहीच माप नाही. कुंभारवाड्यातून आणलेला मावळा तीन इंचांचा, सिंहासनावरचे महाराज आठ इंचांचे, आणि गाय महादरवाजातून आत जाणार नाही एवढी. मी हिशेब करून पाहिला. तीन इंचांचा मावळा म्हणजे प्रमाण १:२२. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. त्याच प्रमाणात रायगड करायचा तर ३७ मीटरचा ढीग लागेल, म्हणजे बारा मजली इमारत. पार्किंगमधला किल्ला कमरेएवढा होता. मापाच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. नंतर आठवलं, की जुन्या चित्रांतही राजा मोठा आणि चाकर लहान असतात. तिथे माप शरीराचं नसतं, मानाचं असतं. शून्य खोडून चार केले.

दुसरा रकाना साच्याचा, माझ्या आवडीचा. प्लास्टिकचा सैनिक दोन पोलादी अर्ध्यांमध्ये तयार होतो. अर्धे घट्ट मिटतात, वितळलेलं प्लास्टिक दाबाने आत शिरतं, थंड होतं, अर्धे उघडतात आणि सैनिक बाहेर पडतो. जिथे दोन अर्धे भेटतात तिथे अंगभर एक बारीक शिवण राहते. साचा झिजला की त्या शिवणीतून प्लास्टिकची पातळ झालर बाहेर येते, आणि मावळ्याच्या कानाला पंख फुटल्यासारखे दिसतात. याच प्रक्रियेमुळे सैनिकाची ऐट ठरते. साचा सरळ उघडायचा असल्याने कुठलाही भाग दुसऱ्या भागामागे दडता कामा नये, नाहीतर सैनिक आत अडकतो. म्हणून स्वस्त सैनिक नेहमी पापडासारखा चपटा असतो. तलवार डोक्यावर, ढाल कडेला, दोन्ही पाय एकाच रेषेत, जणू भिंतीला पाठ लावून लढतोय. कारागीर चांगला असेल तर तो तिरकस शिवण घेतो किंवा हात वेगळा ओततो. तसा एकच संच निघाला. त्याला आठ दिले.

शिवाय साचा महाग असतो, लाखांत जातो. एकदा केला की तो वर्षानुवर्षं वसूल करायचा असतो. आमच्या लहानपणी जत्रेत पिशवीत मिळणारे ते हिरवे आणि मातकट शिपाई आठवा. एक पोटावर झोपून नेम धरणारा, एक गुडघ्यावर बसलेला, एक हातबॉम्ब फेकणारा, एक पाठीवर वायरलेस घेतलेला. हे सगळे अमेरिकन आहेत. तिकडे प्लास्टिकचे सैनिक १९३८ पासून निघू लागले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्यांच्या फौजेचे हे पवित्रे नकलेच्या नकला होत आपल्या जत्रांपर्यंत पोचले. तयार सैनिकावरून नवा साचा काढला की प्लास्टिक थंड होताना दोनेक टक्के आकसतं. नकलेची नकल केली की आणखी दोन. प्रत्येक पिढीत शिपाई थोडा बुटका आणि चेहरा थोडा पुसट होतो. माझ्या लहानपणच्या शिपायांना नाक नव्हतं. ते का नव्हतं, हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी कळलं.

तिसरा रकाना पवित्र्याचा. चारही संचांत सगळे मावळे एकच काम करत होते : तलवार उपसून धावणं. काहींच्या हातात भाला, एखाद्याकडे तुतारी. बंदूक जवळजवळ कुणाकडेच नाही. यात एक गंमत आहे. पुण्यातल्या पोरांच्या किल्ल्यावर दरवाजाशी हमखास रायफलवाला प्लास्टिकचा जवान उभा असतो, आणि जाणकार काका येऊन त्याला हसतात. रायफल चुकीचीच आहे. पण बंदूक चुकीची नाही. सतराव्या शतकातल्या गडांवर तोफा होत्या, जंबुरे होते, आणि तोड्याच्या बंदुका होत्या. कोकणपट्टीतले हेटकरी बंदुकीच्या नेमासाठी नावाजलेले होते. तोड्याची बंदूक म्हणजे धुमसणारी वात खटक्याला अडकवायची, खटका ओढला की वात दारूवर टेकते आणि बार उडतो. पावसात ती निरुपयोगी, अंधारात वातीचा ठिपका दुरून दिसणारा. ती वात मनगटाला गुंडाळून फुंकर घालणारा मावळा कुणी बनवला तर मी त्याला पवित्र्यात दहा देईन.

आता चौथा रकाना, काळ. मला वाटलं होतं हा सगळ्यांत सोपा जाईल.

आधी पाहिला गणवेश. संचातले सगळे मावळे एकाच भगव्या अंगरख्यात, एकाच लाल मुंडाशात. त्या काळी फौजेला असा एकसारखा गणवेश नव्हता. पायदळातला माणूस बहुधा घरचेच कपडे अंगावर घालून यायचा. मग आली नावाची अडचण. मावळा म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या मावळ खोऱ्यांतला माणूस. आपण आज प्रत्येक शिपायाला मावळा म्हणतो, ते प्रेमापोटी. त्या अर्थाने आमच्या बुलडाण्याचं कुणीच मावळा नाही, जरी जिजाऊंचं माहेर आमच्याच जिल्ह्यातलं, सिंदखेडराजाचं असलं तरी.

कपड्यांसाठी पुरावा कुठे शोधायचा? शिवाजी महाराजांची समकालीन किंवा जवळच्या काळातली चित्रं आहेत, पण ती परदेशात. निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशाने मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराकडून काढून घेतलेलं एक चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. महाराज घोड्यावर, आणि सोबत पायी चालणारे हत्यारबंद लोक. डचांच्या संग्रहातली आणखी काही चित्रं ॲम्स्टरडॅम आणि लंडनला आहेत. एके काळी महाराजांचं म्हणून दुसऱ्याच कुणाचं, इब्राहिमखान नावाच्या माणसाचं, चित्र छापलं जात होतं. ती चूक दाखवून वा. सी. बेंद्र्यांनी खरं चित्र प्रकाशात आणलं, ही हकिकत अनेकांना माहीत असेल. मला ती पुन्हा वाचताना वेगळीच गोष्ट जाणवली. लोकांना ती चूक इतकी वर्षं चूक का वाटली नाही? कारण पोशाख. जामा, कमरेला पटका, डोक्याला पगडी, कमरेला कट्यार. दख्खनचा सरदार विजापूरचा असो, अहमदनगरचा असो की रायगडचा, लांबून सारखाच दिसायचा.

फरक होता तो फार बारीक. मुघल काळातल्या चित्रांत हिंदू माणसाच्या जाम्याची गाठ डाव्या काखेखाली दाखवतात, मुसलमानाची उजव्या काखेखाली. चित्रांचे अभ्यासक त्यावरून माणूस ओळखतात. मी माझ्या सवयीने हिशेब केला. खरी गाठ असेल दोन-अडीच सेंटीमीटरची. १:३२ प्रमाणात ती पाऊण मिलिमीटर होते. शिवाय ती हाताच्या आड, नेमकी अशा जागी, जिथून साचा सुटत नाही. म्हणजे अगदी उत्तम साच्यातून काढलेल्या सैनिकावरही ती गाठ उमटणार नाही.

हे मी एवढं लांबवून का सांगतोय, त्याचं कारण त्या आठ गुण मिळालेल्या संचात आहे. सर्वांत सुबक म्हणून तोच मी पुतण्यासाठी घेतला. त्यात वीस भगवे सैनिक होते आणि दहा हिरवे. खोक्यावर हिरव्यांपुढे लिहिलं होतं, शत्रू सैनिक.

मी ते पुण्यात पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं. शीटमध्ये 'दोन्ही बाजू उपलब्ध' असं लिहून एक गुण जास्तही दिला होता. परदेशी संचांत असतंच की तसं. निळे असतात तर करडेही असतात, नाहीतर खेळणार कसं? देऊळघाटला मात्र अंगणात पुतण्याच्या शेजारी त्याचा वर्गमित्र बसला होता, शेजारच्या घरातला, रोजचा. आमचं गाव हिंदू-मुसलमान मिश्र वस्तीचं. पुतण्याने खोकं फोडलं, भगवे स्वतःपुढे ओढले आणि हिरवे त्याच्याकडे सरकवले. काही विचार करून नाही. त्याच्याकडे दोन ढीग होते आणि मुलंही दोन होती. त्या पोराने एक हिरवा उचलला, उलटसुलट पाहिला आणि मला विचारलं, "काका, हे कोन आहेत?"

मी म्हणालो, "ते दुसरे."

"दुसरे म्हंजे?"

"दुसऱ्या बाजूचे."

तो बरं म्हणाला आणि हिरवे ओळीने मांडू लागला. मी घरात गेलो.

वीस वर्षांपूर्वी हे सगळं याच अंगणात झालं होतं. तेव्हा जत्रेतल्या पिशवीतले शिपाई होते, बिननाकाचे. मातकट आपले आणि हिरवे पाकिस्तानचे, असं आमचं ठरलेलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही. हिरवे कुणाकडे जायचे ते मात्र आठवतं. माझा तेव्हाचा मित्र दर वेळी हिरवेच घ्यायचा, आणि दर वेळी हरायचा, कारण तसाच खेळ होता. एकदा तो म्हणाला, "आज मी मातकट घेतो." मी नाही म्हणालो. पिशवी माझी होती. तो चिडला नाही. काही दिवसांनी खेळायला यायचा बंद झाला, आणि आम्ही क्रिकेट खेळू लागलो तेव्हा परत आला. त्याविषयी आम्ही कधी बोललो नाही. ते हिरवे शिपाई अमेरिकन होते, आणि ऑलिव्ह ग्रीन हा आपल्याच सैन्याचा रंग आहे, हे दोघांनाही तेव्हा माहीत नव्हतं.

त्या रात्री मी काळाचा रकाना पुन्हा भरायला घेतला.

आमच्याच जिल्ह्यापासून सुरुवात केली. शाळेची सहल सिंदखेडराजाला जायची. तिथे लखुजी जाधवांची समाधी आहे, भव्य, घुमटाची, लांबून पाहणाऱ्याला मकबरा वाटावी अशी. लखुजी निजामशाहीचे सरदार, मधल्या काळात मुघलांकडेही गेलेले, आणि १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाच्याच दरबारात मारले गेलेले. त्यांच्या फौजेला कोणता रंग द्यायचा? याच जिल्ह्यात साखरखेर्डा आहे. १७२४ मध्ये तिथे मोठी लढाई झाली, निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांच्यात. दोघेही मुघल बादशाहीचेच उमराव. निजाम जिंकला, हैदराबादची सत्ता तिथून उभी राहिली. हिरवे विरुद्ध हिरवे, असा संच कुणी काढत नाही.

महाराजांच्या फौजेकडे पाहिलं तरी तेच. पायदळाच्या सुरुवातीच्या सरनोबतांत नूरखान बेगचं नाव येतं. १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा तो फोडायला बाहेरून चालून गेलेल्यांत सिद्दी हिलाल होता, त्याचा मुलगा त्या झुंजीत जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. आरमारात दौलतखान होता. आणि पलीकडे, १६६५ मध्ये पुरंदरला वेढा घालणाऱ्या मुघल फौजेचा सेनापती मिर्झाराजे जयसिंह होता. हे काही लपलेलं ज्ञान नाही. शाळेच्या पुस्तकात यातली अर्धी नावं असतात. पण नावं पुस्तकात राहतात आणि हातात येतं ते प्लास्टिक. शत्रू होते, लढाया खऱ्या होत्या, माणसं खरी मेली, यातलं काही पुसायचं नाही. खोटा आहे तो रंग. त्या संचाला काळाच्या रकान्यात मी आधी सात दिले होते. आता दोन दिले.

मग मला प्रश्न पडला की खरा संच कसा असेल? त्यासाठी कृष्णाजी अनंत सभासदाची बखर उपयोगी पडते. महाराजांच्या निधनानंतर चौदा-पंधरा वर्षांनी, १६९४ च्या सुमारास, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला ती लिहिली गेली. त्यात पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांचा एक जुमला. दहा जुमल्यांवर, म्हणजे साडेबाराशे घोड्यांवर, एक हजारी. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणणारा. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद.

पखालजी म्हणजे कातड्याच्या पखालीतून पाणी वाहणारा. नालबंद म्हणजे घोड्याला नाल ठोकणारा. पंचवीस स्वार, एक हवालदार, एक पखालजी, एक नालबंद : अठ्ठावीस माणसं. तीस नगांच्या खोक्यात हे नेमके बसतात, दोन जागा उरतात. जगातल्या कुठल्याही संचात मी नालबंद पाहिलेला नाही. खेळणं विकणाऱ्याला वाटतं की पोराला तलवार हवी. पण घोडा नालाशिवाय घाट उतरत नाही, आणि तहानलेला घोडा लढत नाही. सभासदाला हे महत्त्वाचं वाटलं म्हणून त्याने लिहून ठेवलं.

इथे माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा पुण्यातला तो पार्किंगमधला किल्ला आला, ज्याला मी मापात शून्य दिलं होतं. त्यावर काय होतं? सिंहासनावर महाराज आणि दारावर पहारेकरी होतेच. पण घागर घेतलेली बाई होती, गवळण होती, बैलगाडी होती, विहीर होती, पायथ्याला शेत आणि झोपड्या होत्या, गुहेत वाघ होता. शत्रू नव्हता. दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू मांडायची पद्धतच नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र गड बांधण्याविषयी बोलतं तेव्हा आधी पाणी पाहायला सांगतं, गडावर आंब्या-फणसाची झाडं राखायला सांगतं, केरकचरा गडाखाली न टाकता जाळून त्या राखेवर भाजीपाला करायला सांगतं. म्हणजे गड हे नांदतं ठिकाण होतं, आणि लढाई हा तिथला क्वचितचा दिवस. शिवाय दसऱ्याला सीमोल्लंघन करून घोडदळ मुलूखगिरीवर निघायचं ते पावसाळ्याच्या तोंडाशी परतायचं. दिवाळीत गडावर असायचे ते पहारेकरी, कारकून, बायामाणसं आणि गुरं. ज्या किल्ल्याला कुणी इतिहासाचा गृहपाठ म्हणून तपासलं नाही, तो दिवाळीतल्या गडाशी माझ्या सुबक संचापेक्षा जास्त जुळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात जाऊन बसलो. पोरांनी विटांचा एक ओबडधोबड गड रचला होता. मी त्यांना साखरखेर्ड्याची लढाई सांगायचा प्रयत्न केला, पण दोघांचंही लक्ष लागेना. सिद्दी हिलालची गोष्ट मात्र ऐकली, कारण तिच्यात वेढा होता. मग मी पखालजी आणि नालबंदाचं सांगितलं. पुतण्या म्हणाला, "मग आपल्यात काहून नाही तो?"

"बनवणाऱ्याने बनवला नाही."

शेजारच्या पोराने खोक्यातला एक हिरवा शिपाई काढला. त्याची तलवार पहिल्याच संध्याकाळी मोडली होती, प्लास्टिक तिथे पातळ होतं. तो घरी पळाला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन आला. दोन्ही टोकं दोऱ्याने आवळली, मधे पाणी भरलं आणि ती पखाल शिपायाच्या खांद्यावर बांधली. वजनाने तो आडवा पडू लागला, म्हणून त्याचे पाय मातीत रोवले. पुतण्याने मग एका भगव्याला नालबंद केलं, आणि तो बसलेला हवा म्हणून त्याचे पाय मेणबत्तीवर धरून वाकवले. हे मी पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, कारण त्या सैनिकाची घडण सगळ्यांत चांगली होती.

दुपारपर्यंत दोन्ही रंग गडावर मिसळले होते. सगळे नाही, काही. तीन-चार हिरवे अजून खाली वेढा घालून उभे होते, कारण वेढ्याशिवाय पोरांना करमत नव्हतं.

मी पुण्याला परतल्यावर शीट उघडली आणि एक पाचवा रकाना घातला : पखालजी आहे का? तपासलेल्या सगळ्या संचांपुढे 'नाही' लिहिलं. मग जुन्या मित्राला फोन केला. तो आता बुलडाण्यात असतो. इकडचं तिकडचं बोललो. मातकट शिपायांचं काढावं असं मनात होतं, पण पहिल्या फोनला जमलं नाही. त्याने विचारलं, दिवाळीला आला होतास म्हणे, भेटला का नाहीस? मी म्हणालो, पुढच्या वेळी नक्की. त्याला एक मुलगा आहे, पाच वर्षांचा. त्याच्यासाठी काय न्यायचं, ते अजून ठरत नाहीये.